‘किती दिवस टिकेल?’ : नॅनोकण घातलेल्या मेम्ब्रेनबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: “पीएचडीसाठी मी पीव्हीडीएफ या पॉलिमरच्या अल्ट्राफिल्ट्रेशन मेम्ब्रेनमध्ये (पाणी गाळणाऱ्या सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यात) टायटॅनियम डायऑक्साइड आणि ग्राफीन ऑक्साइडचे नॅनोकण मिसळले. शुद्ध पाण्याचा फ्लक्स (दर तासाला चौरस मीटर मेम्ब्रेनमधून जाणारं पाणी) दुप्पट झाला आणि यूव्ही दिव्याखाली ९० मिनिटांत मिथिलीन ब्लू या चाचणीच्या निळ्या रंगाचा ९८ टक्के रंग गेला. कापड-रंगाईच्या सांडपाण्यासाठी हे वापरायचं आहे. निकाल एका प्रकल्पातल्या अभियंत्यांना दाखवले, तर त्यांनी एकच विचारलं: किती दिवस टिकेल? माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतके पेपर निघूनही हे पदार्थ प्लांटमध्ये फारसे का दिसत नाहीत? आणि उरलेलं दीड वर्ष मी कशावर घालवू?”

त्या अभियंत्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. मी गेली वीस वर्षं मेम्ब्रेनच्या कामात आहे, निम्मा काळ प्रयोगशाळेत आणि निम्मा प्लांटमध्ये, प्रत्यक्ष मॉड्यूल (मेम्ब्रेनचे तयार संच) बसवलेल्या सांगाड्याजवळ. तुमचे निकाल चुकीचे आहेत असं मला अजिबात वाटत नाही. पण ते दोन्ही आकडे ज्या पाण्यात मोजले आहेत तसं पाणी प्लांटमध्ये कधीच येत नाही. पाणी नेमकं कुठे अडतंय ते आधी बघायचं आणि मग त्या अडचणीसाठी पदार्थ निवडायचा, हा साधा क्रम आपल्याकडे बहुतेक वेळा उलटा होतो. पदार्थ आधी हाती येतो आणि मग त्याला काम शोधलं जातं. तुमच्या पदार्थाला काम आहे, पण ते तुम्ही दिलेलं नाही. कसं ते आकडेमोड करूनच सांगते.

आधी फ्लक्स घेऊ. पाणी मेम्ब्रेनमधून जाताना दोन रोध ओलांडतं: एक मेम्ब्रेनचा स्वतःचा, दुसरा त्याच्यावर बसलेल्या थराचा. डिस्टिल्ड पाण्यात दुसरा रोध नसतोच, म्हणून मेम्ब्रेनचा रोध निम्मा केला की फ्लक्स दुप्पट होतो. खरं सांडपाणी सोडल्यावर काही तासांतच हिशोब पालटतो. समजा एकूण रोध १०० आहे, त्यात मेम्ब्रेनचा वाटा २० आणि थराचा ८०. तुम्ही २०चे १० केलेत. एकूण रोध ९० झाला, म्हणजे फ्लक्स वाढला ११ टक्के. ती ११ टक्के वाढही टिकतेच असं नाही, कारण जास्त फ्लक्स म्हणजे दर मिनिटाला जास्त घाण पृष्ठभागाकडे ओढली जाणं. एका ठरावीक फ्लक्सच्या वर गेलात की थर इतक्या वेगाने साचतो की बॅकवॉशने (उलट दिशेने पाणी सोडून धुण्याने) तो निघेनासा होतो. प्लांट चालवणारा माणूस म्हणूनच मेम्ब्रेन त्याच्या पूर्ण क्षमतेने कधी चालवत नाही.

यात एक आकडा मात्र खरोखर कामाचा आहे आणि तो तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. बॅकवॉश आणि रासायनिक धुलाईनंतर मूळ फ्लक्सपैकी किती परत मिळाला, आणि ती टक्केवारी पहिल्या, दहाव्या, पन्नासाव्या फेरीला कशी बदलत गेली? पाणी ओढून घेणाऱ्या नॅनोकणांमुळे प्रथिनं आणि तेलकट पदार्थ पृष्ठभागाला कमी घट्ट चिकटतात, हे खरं आहे. तुमच्या मेम्ब्रेनचा खरा फायदा तिथे असू शकतो. दुप्पट फ्लक्समध्ये तो दिसत नाही.

समुद्राच्या पाण्याच्या आरओमध्ये (रिव्हर्स ऑस्मॉसिसमध्ये, म्हणजे दाब देऊन मिठापासून पाणी वेगळं करण्यात) हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते, आणि ती माहीत असली की पुढची दहा वर्षं वाचायचे पेपर निवडणं सोपं जातं. १९६०च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत (यूसीएलए) लोब आणि सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा असममित (वर दाट, खाली सच्छिद्र) मेम्ब्रेन बनवला. १९७०च्या दशकाच्या अखेरीला जॉन कॅडॉट यांनी सच्छिद्र आधारावर पॉलिअमाइडचा अतिशय पातळ थर जागच्या जागी तयार करण्याची रीत बसवली. तो थर जेमतेम १०० ते २०० नॅनोमीटर जाड असतो आणि आजचे जवळपास सगळे आरओ मेम्ब्रेन त्याच रसायनावर चालतात. २००७ मध्ये यूसीएलएतल्याच एरिक होक यांच्या गटाने त्या थरात झिओलाइट या सूक्ष्म छिद्रांच्या खनिजाचे नॅनोकण बसवून दाखवले. त्यातून नॅनोएचटूओ ही कंपनी उभी राहिली आणि २०१४ मध्ये ती एलजी केमने विकत घेतली. तेव्हा नॅनोपदार्थ प्लांटपर्यंत पोचलेच नाहीत, हे म्हणणं पूर्ण बरोबर नाही. एक रस्ता आहे आणि तो चालून झालेला आहे.

पण त्या रस्त्यावर फ्लक्स वाढवून किती मिळतं ते पाहा. लिटरला ३५ ग्रॅम मीठ असलेल्या समुद्राच्या पाण्यातून निम्मं पाणी गोडं काढायचं तर निसर्गनियमानेच दर घनमीटरला किमान १.०६ किलोवॅट-तास ऊर्जा लागते. त्याखाली कुठलाही मेम्ब्रेन जाऊ शकत नाही. चांगल्या प्लांटचा एकूण खर्च साधारण ३ ते ४ किलोवॅट-तास असतो आणि त्यातला बराच भाग पाणी खेचणं, पूर्वप्रक्रिया आणि नंतरची प्रक्रिया यांत जातो. समुद्राच्या पाण्याचा ऑस्मॉटिक दाब (मिठामुळे पाण्याला मागे ओढणारा दाब) सुमारे २७ बार असतो, आणि निम्मं पाणी काढल्यावर उरलेल्या ब्राइनचा, म्हणजे दाट खाऱ्या पाण्याचा, त्याच्या दुप्पट होतो. मेम्ब्रेन कितीही ‘मोकळा’ असला तरी तेवढा दाब द्यावाच लागतो. मेम्ब्रेनची पारगम्यता (पाणी जाऊ देण्याची क्षमता) तिप्पट केली तर समुद्राच्या पाण्यात ऊर्जा साधारण १५ टक्केच वाचते, असं हिशोब सांगतो. कमी खाऱ्या पाण्यात फायदा बराच जास्त असतो, कारण तिथे ऑस्मॉटिक दाब कमी असतो. कार्बन नॅनोट्यूबमधून पाणी अपेक्षेपेक्षा हजारपट वेगाने वाहतं, असं २००६ साली लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या कामात दिसलं तेव्हा आम्ही सगळेच भारावलो होतो. ते भौतिकशास्त्र म्हणून आजही सुंदर आहे. पण समुद्राच्या आरओत पाणी त्या जागी अडलेलं नव्हतंच.

तिथे अडचणी वेगळ्या आहेत. समुद्राच्या पाण्यात लिटरला साडेचार-पाच मिलिग्रॅम बोरॉन असतं, आणि पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य २.४ आहे. बोरॉन तिथे बोरिक ॲसिडच्या रूपात, म्हणजे विद्युतभार नसलेल्या छोट्या रेणूच्या रूपात असल्यामुळे मिठापेक्षा खूप सहज निसटतं. दुसरी अडचण क्लोरिनची. पॉलिअमाइडला मुक्त क्लोरिन सोसत नाही, म्हणून जंतू मारायला क्लोरिन घालायचं आणि मेम्ब्रेनच्या आधी बायसल्फाइटने ते काढायचं, अशी कसरत करावी लागते. क्लोरिन काढलं की मेम्ब्रेनवर बायोफिल्म, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, वाढायला मोकळी. यांतल्या एकावरही नॅनोपदार्थाने उपाय दिला तर प्लांटवाले स्वतःहून तुमच्या दारात येतील.

आता मिथिलीन ब्लूकडे वळू, कारण माझं मन सगळ्यात जास्त त्यातच अडकलंय.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे काम करणारी एक विद्यार्थिनी छोट्या काचेच्या व्हायलमध्ये रंगहीन झालेलं पाणी घेऊन आली. टायटॅनियम डायऑक्साइड, यूव्ही, तासाभराचं काम. झाकण घट्ट लावलेलं होतं. मी ते उघडलं, व्हायलमध्ये थोडी हवा जाऊ दिली, झाकण लावून जोरात हलवली आणि टेबलावर ठेवली. दोन मिनिटांत पाण्याला निळसर झाक आली आणि थोड्या वेळात ते चांगलं निळं झालं. तिचा चेहरा उतरला, पण त्या दिवशी ती जे शिकली ते मी शंभर वेळा सांगूनही शिकली नसती. बंद व्हायलमधला ऑक्सिजन संपला की उत्प्रेरकावरचे, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडवरचे, इलेक्ट्रॉन मिथिलीन ब्लूकडे जातात आणि त्याचं रंगहीन ल्युको रूप तयार होतं. रेणू तिथेच असतो. हवा लागली की पुन्हा निळा होतो.

रंग जाण्याची आणखीही कारणं असतात. मिथिलीन ब्लू धनभारित आहे आणि ग्राफीन ऑक्साइडचा पृष्ठभाग ऋणभारित, त्यामुळे दिवा न लावताही तो कणांना चिकटतो. तुमच्या ९८ टक्क्यांतले किती अंधारात गेले? शिवाय हा रंग ६६४ नॅनोमीटरच्या आसपास स्वतः प्रकाश शोषतो. दृश्य प्रकाश वापरला तर शोषलेल्या ऊर्जेने उत्तेजित झालेला रंगाचा रेणू आपला इलेक्ट्रॉन उत्प्रेरकाला देऊन स्वतःच मोडू शकतो, आणि आपण त्याचं श्रेय उत्प्रेरकाच्या बँडगॅपला (त्यातला इलेक्ट्रॉन सुटायला लागणाऱ्या किमान ऊर्जेला) देतो. म्हणून माझ्याकडे नियम आहे: रंगाचा वक्र दाखवलात तर शेजारी एकूण सेंद्रिय कार्बनचा, म्हणजे टीओसीचा वक्रही दाखवा. पहिला वक्र कोसळतो आणि दुसरा जवळजवळ आडवा राहतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता टीओसी नसलेला प्रबंध मी वाचायलाच घेत नाही. रंगाईच्या सांडपाण्यात तर हे फारच जपायला हवं. ॲझो रंगाचा नायट्रोजन-नायट्रोजन बंध तुटला की रंग लगेच जातो, पण मागे राहणारे ॲरोमॅटिक अमाइन मूळ रंगापेक्षा जास्त घातक असू शकतात.

समजा रंगाची अडचण सोडवली. तरीही डिस्टिल्ड पाण्यातला निकाल खऱ्या पाण्यात का उतरत नाही, याचा हिशोब एका कागदावर मावतो आणि तो तुम्ही स्वतः करून बघावा असं मला मनापासून वाटतं.

यूव्ही पडल्यावर पाण्यात जे काम करतं ते मुख्यतः हायड्रॉक्सिल रॅडिकल, पाण्यापासून बनणारा अतिशय क्रियाशील, अल्पायुषी कण. तो जवळजवळ कुणालाही सोडत नाही, आणि अडचणही तीच आहे. डिस्टिल्ड पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम मिथिलीन ब्लू टाकलं तर रॅडिकलला दुसरं गिऱ्हाईकच नसतं. आता एखादं बऱ्यापैकी स्वच्छ नैसर्गिक पाणी घ्या: लिटरला २०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट, ५ मिलिग्रॅम सेंद्रिय कार्बन आणि १ मायक्रोग्रॅम एखादं औषध, रेणुभार २५० धरू. प्रत्येकाचं प्रमाण त्याच्या अभिक्रियेच्या वेगस्थिरांकाने गुणलं की रॅडिकल कुणाच्या वाट्याला किती जातो ते कळतं. बायकार्बोनेटसाठी हा गुणाकार सेकंदाला सुमारे २८ हजार येतो. सेंद्रिय कार्बनसाठी सव्वा लाखाच्या आसपास. आणि ज्या औषधासाठी आपण हे सगळं मांडलं, त्याचा येतो २०. म्हणजे साडेसात हजार रॅडिकलमागे एक आपल्या कामाचा. बाकी सगळे वाटेत संपले. कणाच्या पृष्ठभागावर औषध चिकटत असेल तर हे प्रमाण सुधारतं. म्हणून ‘आधी चिकटवा, मग तोडा’ या दिशेचं काम मला बँडगॅप कमी करण्याच्या कामापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

हाच हिशोब आता प्रकाशाच्या बाजूने करू. टायटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेज रूपाचा बँडगॅप ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, म्हणजे ३८७ नॅनोमीटरपेक्षा लांब तरंगलांबी त्याला चालत नाही. सूर्यप्रकाशातला चार-पाच टक्के भागच त्याच्या कामाचा. स्वच्छ दुपारी तो चौरस मीटरला साधारण ३० वॅट धरू. तासाला ०.३३ मोल फोटॉन होतात. त्यातल्या ५ टक्क्यांपासून रॅडिकल बनतात असं मानू, आणि ते उदारपणेच आहे. तासाला १६ मिलिमोल रॅडिकल. तुमचा मेम्ब्रेन तासाला चौरस मीटरमागे ५० लिटर पाणी देत असेल तर लिटरच्या वाट्याला येतात ०.३३ मिलिमोल.

रंगाईच्या सांडपाण्यात टीओसी लिटरला ३०० मिलिग्रॅम सहज असतो. तो कार्बन पूर्ण जाळून कार्बन डायऑक्साइड करायला, कार्बनच्या एका अणूमागे चार इलेक्ट्रॉन आणि एका रॅडिकलमागे एक इलेक्ट्रॉन धरला तर, लिटरला १०० मिलिमोल लागतात. आपल्याकडे आहेत ०.३३. तूट तीनशेपटीची आहे. ही तूट चांगला उत्प्रेरक शोधून भरून निघणार नाही. प्रत्येक फोटॉनमागे एक रॅडिकल मिळाला तरी पंधरा पटींची तूट उरते. शिवाय हे पाणी गडद असतं आणि यूव्ही पहिल्या काही मिलिमीटरमध्येच गिळून टाकतं. दिवे लावले तर फोटॉन वाढतील, पण वीज लागेल. एक लॉग, म्हणजे ९० टक्के प्रदूषक तोडायला दर घनमीटरला किती किलोवॅट-तास लागतात, या मापाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१८ मध्ये आला. ओझोन आणि यूव्ही-हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा मध्य १च्या खाली होता, यूव्ही प्रकाश-उत्प्रेरणाचा १००च्या वर. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत २००८ पासून सांडपाणी पुन्हा पिण्यायोग्य केलं जातं, ते मायक्रोफिल्ट्रेशन, आरओ आणि शेवटी यूव्ही-पेरॉक्साइड या क्रमाने. फोटॉन तिथे अगदी शेवटी येतो, जेव्हा पाण्यात त्याला अडवणारं जवळजवळ काही उरलेलं नसतं. तुमच्या पाण्यासाठीही कार्बनचा मोठा हिस्सा जैविक टाकीतच जायला हवा. जिवाणू हे काम फार स्वस्तात करतात.

कण कुठे बसलेत, हेही महत्त्वाचं. तुम्ही ते पॉलिमरच्या द्रावणात मिसळून मेम्ब्रेन ओतला आहे. त्यातले बहुसंख्य कण पॉलिमरच्या आत गाडले गेले. त्यांना प्रकाशही दिसत नाही आणि पाणीही. प्रमाण वाढवलं तर गुठळ्या होतात. सोनिकेटरमध्ये तासभर ठेवलेलं दुधाळ, एकसारखं दिसणारं द्रावण रात्रभर बाटलीत राहू द्या आणि सकाळी न हलवता तळाकडून बघा. पांढरा थर दिसला तर तुमच्या मेम्ब्रेनमध्येही तेच झालं आहे. मी नव्याने आलेल्या प्रत्येकाला सूक्ष्मदर्शकाआधी ही बाटली दाखवते. (कोरडी पूड तोलताना मास्क आणि फ्यूम हूड वापरा. श्वासावाटे जाणारं टायटॅनियम डायऑक्साइड आयएआरसीने (आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने) ‘२बी’ गटात, म्हणजे माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्यांत ठेवलं आहे.)

आणि आता ‘किती दिवस’. चौरस मीटर मेम्ब्रेनमध्ये पीव्हीडीएफचा १०० मायक्रोमीटरचा, ७० टक्के पोकळ थर असेल तर पॉलिमरचं वजन ५० ग्रॅमच्या आसपास भरतं. २ टक्के टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे साधारण १ ग्रॅम. तासाला ५० लिटर म्हणजे दिवसाला १२०० लिटर पाणी जातं. परमिएटमध्ये (मेम्ब्रेनमधून गाळून आलेल्या पाण्यात) लिटरला फक्त १० मायक्रोग्रॅम टायटॅनियम निघालं, तर पेपरात आपण ‘गळती नगण्य’ असं लिहून मोकळे होतो. पण तेवढ्यानेच दिवसाला १२ मिलिग्रॅम जातात आणि तीन महिन्यांच्या आत सगळा ग्रॅम संपतो. मेम्ब्रेन चालायला हवा पाच वर्षं. चांदीच्या नॅनोकणांचा लेप दिलेल्या एका मॉड्यूलवर मी हे डोळ्यांनी पाहिलं. पहिले सहा आठवडे बायोफिल्म जवळजवळ नव्हती आणि आम्ही सगळे खूश होतो. अकराव्या आठवड्यात ते मॉड्यूल उघडलं तेव्हा शेजारच्या साध्या मॉड्यूलइतकाच तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागणारा थर त्यावरही होता. चांदी विरघळून गेली होती. ती जाणारच होती, कारण विरघळूनच तर ती जंतू मारत होती. हा हिशोब आम्ही आधी केला असता तर तीन महिने वाचले असते.

ग्राफीन ऑक्साइडबद्दल थोडक्यात. त्याचे थर एकावर एक रचले की मधल्या फटीतून पाणी जातं आणि मोठे आयन अडतात, हे मँचेस्टर विद्यापीठातल्या कामामुळे २०१२-१४ मध्ये सगळीकडे पोचलं. पाण्यात मात्र ती फट फुगून मीठही जाऊ लागतं, आणि तिला बांधून ठेवणं हाच पुढचा सगळा विषय झाला. तुमच्या मेम्ब्रेनमध्ये ते तसं रचलेलं नाहीच, नुसतं मिसळलेलं आहे. शिवाय टायटॅनियम डायऑक्साइडच्या शेजारी यूव्हीखाली ते आपले ऑक्सिजन गट गमावतं आणि हळूहळू स्वतःही झिजतं. ज्या गटांमुळे पाणी ओढलं जात होतं तेच गेले तर पहिल्या महिन्याचा फायदा दुसऱ्या महिन्यात उरेलच असं नाही. मॅक्सीनचंही (टायटॅनियम कार्बाइडसारख्या अतिपातळ थरांच्या पदार्थाचंही) तसंच: पाण्यात आणि हवेत त्याचं ऑक्सिडीकरण होऊन टायटॅनियम डायऑक्साइड बनत जातं.

मग नॅनोपदार्थांना काम कुठे आहे? लोहाच्या ऑक्साइडवर आर्सेनिक घट्ट बसतं, आणि कण लहान तितका पृष्ठभाग जास्त. तिथे निवडकपणा रसायनातूनच येतो, म्हणून ते खऱ्या पाण्यातही चालतं. फक्त वापरून झालेल्या पदार्थाची विल्हेवाट आधी ठरवायची. शून्य संयुजेचं नॅनो लोखंड भूजलातल्या क्लोरिनयुक्त द्रावकांवर आणि षट्संयुजी क्रोमियमवर प्रत्यक्ष जमिनीत सोडून वापरलं गेलं आहे. त्याची अडचण अशी की कण एकमेकांना चिकटतात आणि विहिरीपासून फार दूर जात नाहीत. पीफासवर (सहज न मोडणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांवर) हायड्रॉक्सिल रॅडिकल जवळपास हतबल आहे, कारण कार्बन-फ्लोरिन बंध फारच मजबूत असतो. तिथे आधी चिकटवून गोळा करणारे पदार्थ लागतात.

आणि तुमच्या टायटॅनियम डायऑक्साइडचं काम. हायड्रॉक्सिल रॅडिकल काही नॅनोमीटरच प्रवास करतो आणि संपतो. मेम्ब्रेनवरून वाहून जाणारं प्रदूषक त्याच्या दृष्टीने फार लांब आहे. पण मेम्ब्रेनवर चिकटलेला, बॅकवॉशने न निघणारा थर? तो थेट कणाला टेकून बसलेला असतो. धुतल्यावर चौरस मीटरवर १०० मिलिग्रॅम कार्बन उरला असं धरा. तो पूर्ण जाळायला चार इलेक्ट्रॉनांच्याच हिशोबाने ३३ मिलिमोल लागतात. वर आपण तासाला १६ मिलिमोल रॅडिकल काढले होते. म्हणजे दोन तास. आणि पूर्ण जाळायची गरजही नाही. पृष्ठभागाला धरून ठेवणारे बंध तुटले की बाकीचं बॅकवॉश घेऊन जातो. ज्या हिशोबात आधी तीनशेपटीची तूट होती तो इथे जमतो. पाणी शुद्ध करण्याचं काम मेम्ब्रेनच्या छिद्रांकडे ठेवा, आणि उत्प्रेरकाला फक्त मेम्ब्रेन स्वच्छ ठेवण्याचं काम द्या. त्यामुळे हायपोक्लोराइटची धुलाई आठवड्याऐवजी महिन्यावर गेली, तर तो आकडा कुठल्याही प्लांटच्या अभियंत्याला लगेच समजेल.

याला दोन अटी आहेत. प्रकाश पृष्ठभागापर्यंत पोचायला हवा. स्पायरल मॉड्यूलच्या गुंडाळीत किंवा दाटीने भरलेल्या पोकळ तंतूंत तो पोचत नाही, म्हणून सपाट मेम्ब्रेनची, टाकीत बुडवायची रचना घ्यावी लागेल आणि दिवा धुलाईच्या वेळी, टाकीत स्वच्छ पाणी असताना लावावा लागेल. दुसरी अट: रॅडिकल थर आणि पॉलिमर यांत भेद करत नाही. पीव्हीडीएफ यूव्हीला पॉलिइथरसल्फोनपेक्षा खूप चांगला टिकतो, त्यामुळे तुमची निवड नशिबाने चांगली आहे, पण तरी ताणबल, छिद्रांचा आकार आणि फ्लोराइडची गळती मोजत राहावं लागेल. सिरॅमिक आधार मिळाला तर ही काळजी बरीचशी मिटते.

म्हणून दीड वर्षाचं काम मी असं लावलं असतं. कण पॉलिमरमध्ये मिसळणं थांबवून ते ओतलेल्या मेम्ब्रेनच्या वरच्या थरात रासायनिक बंधाने बसवा. पहिले चार-पाच महिने त्यातच जातील आणि जाऊ द्या. जैविक प्रक्रिया झालेलं खरं सांडपाणी आणा, त्याचा टीओसी, क्षारता, यूव्ही शोषण आणि गढूळपणा मोजून नोंदवा. मग साधा मेम्ब्रेन आणि तुमचा मेम्ब्रेन एकाच वेळी, एकाच पाण्यावर, स्थिर फ्लक्सवर किमान ५०० तास चालवा आणि दाब कसा चढतो ते बघा. दर आठवड्याला परमिएट आणि धुलाईचं पाणी आयसीपी-एमएसला (धातूंचं सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्राला) द्या. टायटॅनियमची गळती धुलाईच्या पाण्यातच बहुतेक दिसते आणि तेच तपासायचं राहून जातं. प्रदूषक तोडण्याचा एखादा प्रयोग प्रबंधात ठेवायचाच असेल तर रंगहीन रेणू घ्या, कार्बामाझेपिन या औषधासारखा, आणि तोही याच सांडपाण्यात.

पण या सगळ्याच्या आधी, येत्या आठवड्यात, एक मेम्ब्रेन ग्राफीन ऑक्साइडशिवाय ओता, आणि एक फक्त ग्राफीन ऑक्साइडचा, टायटॅनियम डायऑक्साइडशिवाय. तुमच्या प्रश्नात या दोघांचा उल्लेख नाही, त्यामुळे ते केलेले नसावेत. तिन्ही मेम्ब्रेन खऱ्या पाण्यावर तीन दिवस चालवून, धुऊन, परत मिळालेला फ्लक्स मोजा. ग्राफीन ऑक्साइडने त्या आकड्यात भर पडत नसेल तर ते वगळून टाका. एक पदार्थ कमी झाला की गळती, झीज आणि किंमत यांचे निम्मे प्रश्न तिथेच कमी होतील.